नावेत उभं राहायचं नाही

नाहीद मॅडमचा आपल्या पाचवीच्या वर्गावर भरवसा होता आणि तो त्यांनी कधी लपवून ठेवला नाही. ऊर्जानगरच्या शाळेत थेट हेडमास्तरांच्या खोलीत जाऊन त्या म्हणाल्या, "सर, माझी पोरं तलावावर चूप बसतील. पाणमांजर पाहूनच येतील."

हेडमास्तर गुणवंतराव म्हणजे शिस्तीचं दुसरं नाव. पॉवर हाऊसच्या क्वार्टरातली पोरं पाण्यावर नेणं हे त्यांच्या मते विकतचं दुखणं होतं. "न्या," ते म्हणाले, "पण मीही येतो. एक पोरगं जरी नावेत उभं राह्यलं, तर ही पहिली सहल आणि हीच शेवटची."

मॅडमनी अट बिनदिक्कत मान्य केली. दरवर्षी एक वर्ग असा रानात न्यायचा, हे त्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. पॉवर हाऊसच्या धुराड्यांखाली वाढलेल्या पोरांना पुस्तकातल्या चित्रांवर बोट ठेवून जंगल शिकवायचा त्यांना मनापासून वीट आला होता.

तर हिवाळ्यातल्या एका सकाळी चिचटोल्याच्या तलावात मुखरू ढिवराची रुंद नाव निघाली. पोरांच्या अंगात नारिंगी जॅकेटं, मधोमध मॅडम. पाण्याशी आपलं जमत नाही हे काही गुणवंतरावांनी कबूल केलं नाही. "मी पाळीवरून लक्ष ठेवतो," म्हणून ते तलावाच्या बांधावरच राहिले.

पाळीच्या कडेकडेनं नाव लव्हाळ्यापाशी आली तसं मुखरूनं वल्हं थांबवलं. "मॅडम, पिल्लं घेऊन इथीच राह्यते ते. आता कोणी हालू नका."

कोणी हाललं नाही. झोपेतही बडबडणारा निकेश दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून बसला होता. पाण्यातून एक मिशाळ डोकं वर आलं. मॅडमना इतका आनंद झाला, की त्या श्वास घ्यायच्याही विसरल्या.

नेमके तेव्हाच गुणवंतराव पाळीवरून चालत समोर आले.

आणि पोरं उभी राहिली. सगळीच्या सगळी. सर दिसले की उठायचं, हा त्या शाळेचा शिरस्ता. वर्गात, मैदानात, अगदी बाजारात भाजीच्या पिशवीसकट उठायचं. "गुड मॉर्निंग सर" असा एकसुरी गजर झाला, नाव एका अंगावर कलली, काठावरून पाणी आत आलं आणि लहानगी दिव्यानी मुखरूच्या सदऱ्याला लोंबकळली. पाणमांजर कधीच बुडी मारून गेलं होतं.

मॅडमचा आवाज मात्र वर्गातलाच निघाला. "हाताची घडी, तोंडावर बोट."

पोरं मटकन खाली बसली. नाव सावरली. सहल मात्र संपली, हे मॅडमना कळून चुकलं. त्यांना राग आला, पण पोरांचा नाही. लावलेली सवय पाळली, एवढाच त्या बिचाऱ्यांचा गुन्हा.

तेवढ्यात लव्हाळा हलला. आधी आई आली, मग दोन पिल्लं. एकानं मासा धरला आणि उताणं पडून कुरुमकुरुम खायला लागलं. पोरांचे डोळे विस्फारले. तिकडे गुणवंतराव रागावायच्या तयारीनं पाळीचा उतार उतरून पाण्याकडे यायला लागले. निकेश बसल्या जागी चुळबुळला. दिव्यानीचे गुडघे सरळ व्हायला लागले. ओरडावं तर पाणमांजरं जातील, न ओरडावं तर नाव उलटेल.

मॅडमनी सरांकडे रोखून पाहिलं. स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं आणि दुसरा तळवा हळूच खाली दाबला. बसा.

गुणवंतरावांना असं बसवायची त्या शाळेत कोणाची छाती नव्हती. ते थबकले. त्यांनी उठू पाहणारी पोरं पाहिली, मुखरूनं दोन्ही हातांनी धरलेला नावेचा काठ पाहिला. मग इस्त्रीच्या पांढऱ्या पॅंटीसकट ते चिखलात बसले. हाताची घडी, तोंडावर बोट.

पोरं निवांत झाली. पिल्लानं तो मासा शेपटीपर्यंत संपवला, तोवर कोणी हूं की चूं केलं नाही.

नाव काठाला लागली, तशा सगळ्यांत आधी मॅडम उतरल्या. "सर, पोरं नावेत उभी राह्यली. तुमची अट मी विसरली नाई."

"माझ्यासाठीच उभी राह्यली ना," गुणवंतराव म्हणाले. "पुढच्या साली सहावीलेही आणा मॅडम."

ते अजून चिखलातच बसून होते. त्यामुळे पोरांची पंचाईत झाली. सर समोर, म्हणजे उभं राहायला हवं. पण सरच खाली बसलेले. दिव्यानीनं थोडा विचार केला आणि ती जाऊन त्यांच्या शेजारी चिखलात बसली. मागोमाग निकेश बसला, मग सगळा वर्ग.

गुणवंतराव दिव्यानीकडे वाकले आणि हळूच म्हणाले, "मले एकच पिल्लू दिसलं व पोरी. दुसरं कुठी होतं?"