फ्रीजरमधले आबा

बायडाबाईंच्या हातात वर्षातून एक दिवस सत्ता असायची. दिवाळीच्या तोंडावर गल्लीतल्या बायका आपापला मैदा, तूप, पिठीसाखर डब्यांत भरून बेकरीच्या भट्टीवर नानकटाई भाजून आणायला निघायच्या, आणि त्या फौजेच्या पुढं बायडाबाई असायच्या. पहिला नंबर कुणाचा, कुणाचे पत्रे आधी आत जायचे, भट्टीवाल्यानं कुणाचं तूप मारलं, ह्या सगळ्याचा निकाल त्याच लावायच्या. त्या लांबून येताना दिसल्या की भट्टीवाला बिडी विझवून सरळ उभा राहायचा. उरलेल्या वर्षात त्यांना विचारतंय कोण? मुलगा विजयसिंह मोटार रिवायंडिंगच्या दुकानात, सून क्रांती हायस्कुलात गणित शिकवायला, आणि बायडाबाई टीव्हीपुढं लसूण सोलायला. त्यामुळं त्या एका दिवसावर त्यांचा फार जीव होता.

आणि तोच दिवस सुनेनं मोडीत काढला. तोही पितृपंधरवड्यात.

आबांचा, म्हणजे बायडाबाईंच्या दिवंगत मालकांचा, बाळासोंचा म्हाळ, म्हणजे पंधरवड्यातलं श्राद्ध, नुकतंच झालं होतं. रविवार होता. क्रांतीनं ओट्यावर परात मांडून तूप आणि साखर फेसली, मैदा घातला, वेलदोडा घातला, चंदगडच्या माहेराहून आलेल्या काजूचा जाडसर चुरा घातला, आणि त्या पिठाचे लाटण्याएवढे जाड रोल वळून बटर पेपरात गुंडाळले. दोन्ही टोकांना कागदाला पीळ दिला आणि सगळे रोल फ्रीजमध्ये नीट रचून ठेवले.

"ह्ये काय गं?" बायडाबाईंनी विचारलं.

"कुकीजचे रोल, आई. आत्ताच करून ठेवायचे. दिवाळीला नुसत्या चकत्या कापायच्या आणि ओव्हनमध्ये टाकायच्या, झालं. तेव्हा मला सहामाहीचे पेपर तपासायचे असतात, वेळ कुठला मिळतोय? ह्या वर्षी बेकरीची रांग बंद!"

बंद म्हणजे आपला दिवसच गेला, हे बायडाबाईंना कळलं. पण त्या अशा तशा हार मानणाऱ्यातल्या नव्हत्या. गल्लीतल्या महिला मंडळाच्या ग्रुपवर सकाळीच एक संदेश आला होता. मळलेलं पीठ फ्रीजमध्ये ठेवलं की ते पिंडासारखं होतं आणि पितरं ते खायला घरात येतात, असं त्यात लिहिलं होतं. बायडाबाईंनी तो वाचून नाक मुरडलं होतं. आता मात्र त्यांना तो एकदम शास्त्रशुद्ध वाटायला लागला.

"अगं, पंधरवडा चालू हाय!" त्या कडाडल्या. "पीठ मळून फ्रीजात ठिवलंयस, म्हंजे पिंडच की ती! आबा येतील खायाला. मग बस बोंबलत."

खरं सांगायचं तर ह्यावर त्यांचा स्वतःचा काडीचा विश्वास नव्हता. बाळासो जिवंत असताना कधी वेळेवर जेवायला घरी आले नाहीत. कुस्तीचं मैदान संपलं की आधी मिसळ, मग तालमीत गप्पा, मग पान, आणि घरातला भात ताटात वाळून खडखडीत. तो माणूस मेल्यावर कच्च्या पिठासाठी एवढी वाट तुडवत येईल, हे काही पटण्यासारखं नव्हतं.

"येऊ देत की," क्रांती परात विसळत म्हणाली. "आबांना नानकटाई आवडायचीच."

पण विजयसिंह पांढराफटक पडला. हा गडी उसळलेल्या रेड्याला शिंगं धरून मागं सारणारा, पण भुताचं नाव निघालं की आईच्या पदराआड. "आई, उपाय काय ह्याच्यावर?" त्यानं विचारलं.

उपाय त्याच संदेशाच्या खाली दिला होता आणि तो फिरत फिरत कधी ना कधी विजयसिंहच्या फोनवरही आला असताच, त्यामुळं बायडाबाईंना सांगणं भाग पडलं. "बोटं उठवायची पिठावर. म्हंजे त्ये पिंड ऱ्हात न्हाय."

"मग तुम्हीच उठवा, आई," क्रांती म्हणाली. "उद्या दुपारी. मोठ्या माणसाचा हात लागलेला बरा." ती हसतेय की काय, हे तिच्या तोंडाकडं बघून काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी घर रिकामं झालं. बायडाबाईंनी रोल बाहेर काढले, कागद सोडला आणि पितरांना दोन शिव्या हासडून प्रत्येक रोलावर या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटं रुतवली. पीठ बोटाला चिकटलं. नळ लांब होता, तोंड जवळ होतं. त्यांनी बोट चाटलं.

आणि तिथंच घात झाला. तूप, वेलदोडा, दाताखाली येणारा चंदगडचा काजू. बायडाबाईंनी दुसरं बोट चाटलं, तिसरं चाटलं. मग नीट परीक्षा करावी म्हणून सुरी घेतली आणि एक चकती कापली. त्यात काही तरी खोट काढायची त्यांची फार इच्छा होती. साखर जास्त म्हणावी तर जास्त नव्हती. काजू खवट म्हणावे तर चांगले ताजे होते. त्यांनी खोट शोधण्यासाठी आणखी एक चकती कापली. मग कागदाला पहिल्यासारखा पीळ दिला, सुरी पदराला पुसली आणि लसूण सोलायला बसल्या.

रोल फ्रीजरमध्ये गेले तरी दुपारचा हा कार्यक्रम चालूच राहिला. गोठलेली चकती कवळीला झेपायची नाही, पण गालात धरून ठेवली की हळूहळू विरघळायची, आणि एक मालिका संपेपर्यंत पुरायची. बायडाबाई मनातल्या मनात म्हणायच्या, आज शेवटची. ह्या शेवटच्या चकत्यांनी पंधरवडा संपला, नवरात्र आलं, दसरा आला. पाटी भरून सोनं वाटून झालं तरी शेवटची काही शेवटची होईना.

मधूनच शेजारची राजमती येऊन विचारून जायची, "बायडा, औंदा भट्टीला कवा जायाचं?" भट्टीच्या रांगेत ती वर्षानुवर्षं बायडाबाईंच्या मागं उभी राहत आलेली. बायडाबाई म्हणायच्या, "सांगतो की." पण सांगणार काय? घरात रोल असताना डबा घेऊन निघायचं तर सून आडवी येणार.

एके दिवशी विजयसिंहनं हाताला चटका बसला म्हणून बर्फ काढायला फ्रीजर उघडला आणि बोंब ठोकली. "रोल आखूड झाल्यात! आई! बोटं उठवून बी आबा आलते!"

सगळे गोळा झाले. त्याच्या आवाजानं राजमतीही आली. रोल खरंच वीतभर उरले होते आणि दोन तर नुसतेच पीळ दिलेले कागद होते. विजयसिंहच्या अंगावर काटा आला होता. राजमतीनं कंबरेवर हात ठेवून फ्रीजरमध्ये डोकावून बघितलं.

"आमच्या जैनांत असलं न्हाय बाई," ती म्हणाली. "जीव गेला की लगीच दुसऱ्या जल्माला लागतोय. तुमचंच बरं हाय, मेल्यावर बी जेवायला घरी."

"काढा ते सगळं!" विजयसिंहनं पिशवी आणली आणि उरलेले रोल तिच्यात भरायला लागला. "मी आत्ता पंचगंगेला सोडून येतो. आणि आई, तू भट्टीवरनंच करून आण नानकटाई. आपलं जुनंच बरं."

झालं. बायडाबाईंना जे पाहिजे होतं ते आयतं पदरात पडलं होतं. आता फक्त गप्प बसायचं होतं. आयुष्यात कधी नाही ते गप्प बसणं, एवढंच काम. पण पिशवीत जाणाऱ्या त्या रोलांकडं बघून त्यांना राहवेना.

"ठिव ती पिशवी!" त्या ओरडल्या. "पितरांच्या तोंडचा घास काढून घेतोस व्हय? लाज वाटती का?"

विजयसिंहनं रोल मुकाट्यानं परत रचले. आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, हे बायडाबाईंना लगेच कळलं, पण तोंडातून शब्द गेला तो गेला. क्रांती बेसिनपाशी उभी राहून सुरी उजेडात धरून उलटीपालटी करून बघत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायडाबाईंनी फ्रीजर उघडला. पुढंच स्टीलची छोटी ताटली ठेवलेली होती. तिच्यात एक चकती, नीट कापलेली, चांगली जाड.

बायडाबाईंचे कान तापले. सुनेला कळलं होतं. कवापासून, कुणास ठाऊक. त्यांनी फ्रीजर धाडकन लावला आणि लसूण सोलायला जाऊन बसल्या. दिवसभरात सोलण्यासारखा लसूण उरला नाही, तेव्हा शेंगा घेतल्या. त्या दिवशी त्यांनी चकतीला हात लावला नाही.

रात्री जेवताना क्रांतीनं वाढता वाढता म्हटलं, "आज आबांनी ताटलीला हात लावला नाही. बरं नाही की काय त्यांना?"

तिच्या आवाजात टोमणा शोधायचा बायडाबाईंनी खूप प्रयत्न केला. टोमणे ओळखण्यात त्यांचा हात धरणारं पेठेत कुणी नव्हतं. पण तो टोमणा नव्हताच. पोरगी खरंच काळजीनं त्यांच्याकडं बघत होती. बायडाबाईंनी खाली मान घालून भात कालवला. "उद्या येतील," त्या म्हणाल्या. विजयसिंहनं फ्रीजकडं बघून हात जोडले.

मग रोजच ताटली भरलेली असायची आणि रोज रिकामी व्हायची. बायडाबाईंना ती गोड लागायची आणि लाजही वाटायची, आणि दोन्ही एकाच गालात धरून त्या मालिका बघत बसायच्या.

वसुबारसेच्या आधी क्रांतीनं फ्रीजर उघडला. आत एकच रोल राहिला होता. नेमकी त्याच वेळी राजमती डबा काखेत मारून दारात उभी राहिली. "बायडा, उद्या भट्टी हाय. येतीस का न्हाईस, एकदा शेवटचं सांग."

बायडाबाईंनी तिच्या काखेतल्या डब्याकडं बघितलं. त्यांचा दिवस दारात येऊन उभा होता, पण तो त्यांनी चोरून मिळवला होता. इतकी वर्षं भट्टीवर दुसऱ्याचं तूप मारणाऱ्यांचा निवाडा केला, आणि घरात स्वतः काय केलं? आता तोंड वर करून 'येतो' कसं म्हणायचं?

"एकाच रोलावर दिवाळी कुठली व्हायची?" क्रांतीच म्हणाली. "बाकीचे आबांनी संपवले. आई, मी उद्या रजा टाकते. मला पण न्या भट्टीवर."

"तुला?" बायडाबाईंना वाटलं, चेष्टा करतेय. "रांगंत उभी ऱ्हाणार हायस तू? रांग बंद म्हणत हुतीस न्हवं?"

"लग्न झाल्यापासून दर दिवाळीला वाट बघितली मी. तुम्ही एकदा तरी चल म्हणालासा? डबा उचलायचा आणि राजमती मावशींना हाक मारून निघून जायचासा. म्हटलं, रांगेत नेत नाहीत, तर आपलं आपण घरातच करू."

बायडाबाईंनी पदराचं टोक हातात धरलं आणि सोडलं. त्यांना कधी वाटलंच नव्हतं की हिला यायचं असेल. इंग्रजीत पाढे म्हणणारी पोरगी, तिला धुरात उभं राहून काय कळणार, असं त्या परस्पर ठरवून मोकळ्या झाल्या होत्या. त्यांना फार वाईट वाटलं. पण वाईट वाटलं तर ते बोलून दाखवायची पद्धत त्यांच्या खानदानात कुणाकडंच नव्हती.

"साडी न्हाय, ड्रेसच घाल," त्या म्हणाल्या. "भट्टीपाशी पदर पेटतोय."

दुसऱ्या दिवशी भट्टीवर नेहमीचा दंगा होता. बायडाबाईंनी घुसणाऱ्या दोघींना मागं पाठवलं, भट्टीवाल्याला वजनावरून झापलं आणि क्रांतीला आपल्या पुढं उभं केलं. नानकटाया वळून पत्र्यावर मांडल्या तशी क्रांतीनं पिशवीतून तो उरलेला रोल काढला आणि चकत्या कापल्या. रोलावर बोटं उठवलेली, त्यामुळं प्रत्येक चकतीच्या कडेला एक खाच. "ह्यो पत्रा आधी घाल," बायडाबाईंनी भट्टीवाल्याला हुकूम सोडला.

पत्रा बाहेर आला तेव्हा सगळ्या रांगेनं माना वळवल्या. राजमतीनं विचारायच्या आधीच एक उचलून फुंकर घालत तोंडात टाकली, डोळे मिटले आणि म्हणाली, "बायडा, ह्ये कुणाचं गं? तुझं तर न्हवं. तुझ्या हातच्या मी ओळखतो."

इतकी वर्षं त्या रांगेत बायडाबाईंच्या नानकटाईपेक्षा चांगलं काही निघालं नव्हतं. निदान कुणी तसं म्हणायची हिंमत केली नव्हती. सगळ्या बायका आता त्यांच्या तोंडाकडं बघत होत्या. क्रांती मान खाली घालून डब्याचं झाकण लावत होती.

"माझ्या सुनंचं हाय," बायडाबाई भट्टीवर ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या. मग त्या खाकरल्या. "आबा सांगून गेल्यात मला. म्हणालं, बायडे, तुझ्यापरास सुनंचीच भारी. मी रोज खाल्ली, आणि ती रोज वाढत ऱ्हायली. तिला म्हणावं, माझं चुकलं."

रांगेतल्या बायकांना त्यातलं ओ की ठो कळलं नाही. राजमतीनं मात्र फ्रीजर आठवून तोंडावर पदर घेतला.

क्रांतीच्या डोळ्यांत पाणी आलं. भट्टीपाशी धूर असतोच, त्यामुळं कुणी काही विचारलं नाही. तिनं पत्र्यावरची एक गरम चकती उचलून सासूच्या हातात दिली.

"पुढच्या वर्षी पंधरवड्यात दुप्पट करून ठेवते," ती म्हणाली. "आबांना तेवढं सांगा, सुरी धुऊन ठेवत जावा."