ताईच्या गळ्यातला दरवान

मी एक जुना दरवान आहे. मित्रांनो, मला शोधायला रस्त्यावर जाऊ नका. मी सलूनवाल्या ताईच्या गळ्यात राहतो. तिथे थायरॉइड नावाची छोटीशी ग्रंथी आहे. तिच्या एका पेशीच्या दारावर माझी नेमणूक आहे. डॉक्टर मला रिसेप्टर म्हणतात. माझे भाऊबंद इथे अगणित आहेत, पण माझ्याइतका बोलका कोणी नाही.

काम तसे सोपे. मेंदूच्या तळाकडून एक हार्मोन निरोप घेऊन येते आणि माझ्या हातात हात देते. मी आत ओरडतो, "चला, कामाला लागा!" मग ग्रंथी आपला रस रक्तात सोडते आणि ताईचे सारे अंग बेताच्या वेगाने चालते. निरोप संपला की मीही गप्प.

ताईला वस्तरा धरायला तिच्या बाबांनी शिकवले. तिचा हात इतका हलका, की गिऱ्हाईक खुर्चीतच घोरू लागे. त्या कौतुकात थोडा वाटा माझाही आहे, असे मी आपले मानतो.

पुढे एक भलताच पाहुणा आला. अँटिबॉडी. खरे तर तो शरीराचाच शिपाई, रोगजंतूंशी लढणारा. पण त्याची काहीतरी गफलत झाली. त्याने माझाच हात धरला आणि सोडेचना. मी तरी काय करणार? ओरडतच राहिलो. सगळ्या दारांवर तोच गोंधळ. वरून निरोप येणे बंद झाले, तरी आमचा कारखाना आपला धो धो चालूच!

ताईची छाती धडधडू लागली, कपडे सैल झाले, हात थरथरू लागला. वस्तरा जवळ आला की गिऱ्हाइके डोळे गच्च मिटून घेत. "आज नुसते केस काप ताई, दाढीचं पुढच्या वेळी बघू," म्हणून काही जण सटकत. आपलाच धीर सुटला, असे ताईला वाटे. मला फार वाईट वाटायचे.

एका सकाळी ती म्हणाली, "बाबा, आजपासून वस्तरा बंद. कुणाला लागलं तर?"

"बरं. मग शेवटची दाढी माझी कर." बाबा खुर्चीत रेलले.

"अहो, हात बघा ना माझा!"

"त्यात काय बघायचंय? मीच धरून शिकवलाय तो."

तिने वस्तरा उचलला आणि एका गालावरून जपून फिरवला. बाबांनी डोळे मिटले नाहीत. मान मागे टाकून ते लेकीकडे पाहत राहिले आणि तिच्या गळ्यावरची सूज त्यांना दिसली. दिवसभर दुसऱ्यांचे गळे पाहणाऱ्या ताईने समोरच्या आरशात स्वतःचा गळा कधी निरखलाच नव्हता.

"ठेव तो वस्तरा. आधी डॉक्टरकडे चल."

"अर्धी दाढी राहिलीय बाबा!"

"राहू दे. मला काय आता लग्नाला उभं राहायचंय?"

डॉक्टरांनी रक्त तपासले, गोळ्या दिल्या. कारखाना मंदावला. काही महिन्यांत पाहुण्याची पकडही सैल झाली आणि माझा हात एकदाचा सुटला.

परवा बाबा पुन्हा त्याच खुर्चीत बसले. ताईचा वस्तरा सरळ फिरला. या वेळी बाबांनी डोळे मिटले आणि अर्ध्या दाढीतच ते घोरू लागले.

मित्रांनो, आपल्या माणसाचा हात थरथरला तर डोळे मिटून घेऊ नका. आधी त्याच्याकडे नीट बघा, त्याला डॉक्टरकडे न्या. मग खुशाल घोरा!