विस्तव मागायला

रूपीने शेणमातीचा गोळा कारवीच्या कुडावर थापला आणि तळहाताने दाबून पसरवला. घर शेजारच्या बायजीचं. रूपीच्या स्वतःच्या नव्या घराच्या भिंती केव्हाच वाळल्या होत्या, चूलही घालून झाली होती. ती पेटवली मात्र नव्हती. पोराला घेऊन ती भावाकडे जेवत होती आणि कुणी विचारलंच तर चूल ओली आहे म्हणून सांगत होती.

तलासरीकडच्या या पाड्यावरची ही दोन्ही घरं आधी जळली होती ती रूपीच्या विस्तवाने. रोजच्यासारखा तो राखेखाली दाबून ती घोलवडला चिकू तोडायला गेली. त्या दिवशी दार नीट ओढलं गेलं नाही. कोंबड्यांनी आत शिरून राख उकरली, पेंढा पेटला आणि वाऱ्याने आग बायजीच्या छपरावर नेली. माणसं कामावर होती म्हणून वाचली. बायजीच्या कणगीतलं वर्षाचं भात मात्र गेलं.

पण माणसं असावीत तर या पाड्यासारखी. कुणी कुणाला बोलवायला गेलं नाही. सकाळी बघावं तर सुकऱ्या कारवीचे भारे घेऊन हजर. लक्ष्याने स्वतःच्या घरासाठी जपलेले खांब आणून टाकलेले, बायका माती तुडवतायत. आधी कुणाचं घर उभारायचं, असं निघालं तेव्हा बायजीच म्हणाली,

“रूपीचं घ्या. तिचं पोर लहान हाय.”

या एका वाक्याने रूपीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून तिने बायजीकडे मान वर करून पाहिलं नव्हतं. रूपीचा नवरा झाईला मासेमारीच्या बोटीवर होता. बायजीची भिंत लिंपून झाली की पोराला घेऊन तिकडेच जायचं, पुन्हा इकडे फिरकायचं नाही, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. या पाड्यात पुन्हा चूल पेटवायची तिची छाती होत नव्हती.

नव्या घरातली पहिली चूल शेजारच्या विस्तवाने पेटवायची, ही इथली रीत. बायजीचं घर पुरं झालं त्या सकाळी रूपी गाठोडं बांधत होती. दारात बायजी उभी राहिली. हातात फुटक्या मडक्याची खापरी, तीत लाल निखारे.

“पल्याडच्या पुतळीकडून आणला,” बायजी म्हणाली. “तुझी चूल पेटव.”

“ओली हाय, काकी.”

बायजी आत आली, वाकली आणि चुलीवरून हात फिरवला. चूल खडखडीत होती. गाठोड्याकडे तिने एकदा पाहिलं. निखारे चुलीत ओतले आणि तिथेच बसली.

“फुंक. मला घाई हाय.”

“कसली?”

“माझी चूल पेटवायचीय. विस्तव तुझ्याकडचाच नेणार. शेजारीण तूच ना?”

रूपीने काटक्या सारल्या. फुंकर घालताना तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि धूर तर अजून झालाच नव्हता. जाळ धरला. बायजीने दाराशी आलेल्या कोंबडीला हुसकावलं, दार नीट ओढून घेतलं आणि रिकामी खापरी रूपीपुढे धरली.