मिस्त्रींच्या डाव्या कानातली शिट्टी

गॅरेजात मिस्त्रींचा दरारा होता तो त्यांच्या कानांमुळे. गाडी फाटकातून आत येत असतानाच ते मान जराशी कलती करायचे आणि हातातलं काम न सोडता म्हणायचे, "वॉटर पंपाचं बेअरिंग गेलंय." बॉनेट नंतर उघडायचं. त्यांचा भागीदार वायरमन गाड्यांची वायरिंगची कामं बघायचा. तो नव्या गिऱ्हाइकांना सांगायचा की, आमच्याकडे मशीन लावून तपासत नाहीत, आमच्याकडे मिस्त्री आहेत.

एका सकाळी मिस्त्रींना बारीक शिट्टी ऐकू आली. त्यांना वाटलं, कॉम्प्रेसरच्या पाइपातून हवा गळतेय. साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन त्यांनी एकेक सांधा तपासला. कुठेच बुडबुडा येईना. अर्धा तास ते पाइपामागे वाकून फिरले. शेवटी वायरमन जवळ आला आणि हळूच म्हणाला, "मिस्त्री, कॉम्प्रेसर मी आज चालूच केलेला नाही."

शिट्टी डाव्या कानात होती. आणि ती थांबायचं नाव घेत नव्हती.

कानाच्या डॉक्टरांनी मिस्त्रींना काचेच्या खोलीत बसवून तपासलं. चाळीस वर्षं हातोडा आणि ग्राइंडरच्या आवाजात काढल्यामुळे वरच्या पट्टीतले आवाज कमी ऐकू येऊ लागले होते, आणि शिट्टी त्याचीच सोबतीण होती. याला टिनिटस म्हणतात, धोक्याचं काही नाही, पण आवाज बंद करणारी गोळीही नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. त्याचा त्रास मात्र कमी करता येतो. त्यासाठी आठ आठवड्यांचा एक ऑनलाइन उपचार होता. विचार आणि सवयी तपासून बदलायच्या, दर आठवड्याला धडा, घरचा अभ्यास, आणि उत्तरं वाचून पत्र लिहिणाऱ्या एक मानसतज्ज्ञ बाई. डॉक्टरांनी पत्ता लिहून दिला. मिस्त्रींनी तो खिशात कोंबला आणि घरी आल्यावर बायकोला म्हणाले, "कान वाजतोय माझा, आणि हे डोकं दुरुस्त करायला सांगतायत."

पुढचे चार महिने वाईट गेले. मिस्त्रींनी इंजिनाचा आवाज ऐकणं सोडलं. गाडी आली की ते वायरमनकडे बोट दाखवायचे, आणि तो बिचारा ती दुसऱ्यांकडे मशीनवर तपासायला पाठवायचा. दर रविवारी मेव्हण्याबरोबर तलावावर मासे धरायला जायचे, तेही बंद झालं. तिथल्या शांततेत शिट्टी सहन होणार नाही असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. घरी रेडिओ मोठ्याने चालू, आणि त्यावरून कुणी बोललं की कपाळाला आठ्या.

त्यांची बायको शाळेच्या कार्यालयात टायपिस्ट होती, नुकतीच निवृत्त झालेली. खुंटीवर तसाच राहिलेला एक शर्ट धुवायला टाकताना पत्त्याचा तो कागद तिच्या हाती लागला. तिने वाद घातला नाही. रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली आणि म्हणाली, "तुम्ही सांगा, मी टाइप करते. इतकी वर्षं हेडमास्तरांचं लिहून घेतलं, तुमचंही घेईन."

पहिल्या धड्यात विचारलं होतं, आवाजामुळे तुम्ही काय काय सोडलंत? मिस्त्रींनी मोजकं सांगितलं. इंजिन ऐकणं. मासे धरणं. दुपारची डुलकी. एवढं सांगून ते थांबले, तरी बायकोची बोटं चालूच होती.

"मी गप्प बसलोय, मग तू काय लिहितेयस?"

तिने स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. खाली एक ओळ जास्तीची होती: बायकोशी बोलणं.

"हे मी सांगितलं नव्हतं," मिस्त्री म्हणाले.

"नव्हतं. खोटं असेल तर पुसते."

मिस्त्रींनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग उठून त्यांनी रेडिओ बारीक केला. "राहू दे," म्हणाले.

बुधवारी बाईंचं पत्र आलं. बायकोने टाइप केलेलं चालेल, पण मनातलं तुमचंच हवं, असं त्यांनी सुरुवातीला लिहिलं होतं. पुढे एकच प्रश्न होता. धड्याच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, माझा कान गेला, आता मी कामाचा राहिलो नाही. हे तुम्ही तपासून पाहिलंत का?

मिस्त्रींना राग आला. दिवसभर पान्यापेक्षा त्यांची जीभच जास्त चालली. पण संध्याकाळी हात धुताना त्यांच्या लक्षात आलं की बाईंनी त्यांना त्यांच्याच शब्दांत पकडलंय. तपासल्याशिवाय पार्ट बदलायचा नाही, हे वाक्य ते गॅरेजात रोज कुणा ना कुणाला सुनावत असत.

मग पत्रापत्रीतून प्रयोग ठरला. दहा गाड्या. बॉनेट उघडायच्या आधी ऐकायचं, दोष वहीत लिहायचा, मग खरं काय ते बघायचं. वही वायरमनच्या ताब्यात. किती बरोबर येतील, हेही आधी लिहायचं होतं. मिस्त्रींनी लिहिलं, दोन.

बारा दिवसांत दहा गाड्या झाल्या. सात बरोबर आल्या. मिस्त्री वही मिटून स्टुलावर बसले. "सातच," ते म्हणाले. "पूर्वी दहाच्या दहा यायच्या."

वायरमन वायर सोलत होता. त्याने मान वर केली. "पूर्वीही सातच यायच्या, मिस्त्री. चुकलं की तुम्ही म्हणायचात, गिऱ्हाइकाने नीट सांगितलं नाही."

मिस्त्रींचे कान लाल झाले, दोन्ही. मग त्यांच्या पोटातून हसू उसळलं आणि बराच वेळ थांबेना. रविवारी हा सगळा वृत्तांत बायकोने इतक्या आवडीने टाइप केला की त्यात अनुस्वाराचीही चूक नव्हती.

बाकीचे धडेही मिस्त्रींच्या अंगवळणी पडत गेले. खांदे आवळून सैल सोडायचे. ते करताना कळलं की गेले कित्येक महिने खांदे कानापर्यंत चढलेले होते. एका धड्यात तर शिट्टीकडे मुद्दाम लक्ष द्यायचं, मग ते तळपायाकडे न्यायचं, पुन्हा शिट्टीकडे आणायचं. या धड्याची मिस्त्रींना धास्ती होती. पण प्रत्यक्षात मिनिटभर ऐकल्यावर ते कुठल्याशा हेड गॅस्केटच्या विचारात पडले आणि ऐकायचं विसरले. हे नापास झाल्यासारखं वाटून त्यांनी बाईंना प्रामाणिकपणे कळवलं. बाईंचं उत्तर आलं की यापेक्षा चांगला निकाल लागत नाही.

पाचव्या आठवड्यात सर्दी झाली, शिट्टी चढली आणि मिस्त्रींनी "काही उपयोग नाही" एवढीच ओळ पाठवून दिली. बाईंनी समजूत घातली नाही. सर्दी उतरली की आवाज बहुतेक पहिल्यासारखा होईल, आज फक्त पाच मिनिटांचा अभ्यास करा, असं लिहिलं. मिस्त्री कुरकुरत तेवढा करून मोकळे झाले. चार दिवसांनी नाक मोकळं झालं, शिट्टीही खाली आली.

त्यानंतरच्या रविवारी ते मेव्हण्याला घेऊन तलावावर गेले. मेव्हणा मुळात अबोल. दोघांनी गळ टाकले. शांतता पसरली आणि शिट्टी आली, चांगली लख्ख. मिस्त्रींनी खांदे सैल सोडले, पाण्यावरच्या तरंगाकडे नजर लावली आणि बसून राहिले. हळूहळू काठावरचं गवत सळसळताना ऐकू आलं, कुठेतरी बदक फडफडलं, मेव्हण्याच्या जुन्या खुर्चीचा स्प्रिंग करकरला. शिट्टी होतीच, पण आता त्या सगळ्यांमधली एक.

तासाभराने मेव्हण्याने विचारलं, "दाजी, वाजतंय का अजून?"

"वाजतंय."

"मग?"

"मग काय. मासे तर पळत नाहीत ना त्याने."

मेव्हण्याने मान डोलावली. त्या दिवशी दोघांना मिळून तीन मासे मिळाले आणि मिस्त्री घरी येऊन बायकोला ते कसे मिळाले हे जेवण होईपर्यंत सांगत होते. तिला माशांत तसा काही रस नव्हता, पण तिने दोन वेळा मध्येच प्रश्न विचारून गोष्ट लांबवली.

सुरुवातीला भरून घेतलेला दहापैकी आकडे द्यायचा फॉर्म आठव्या आठवड्यात पुन्हा आला. आवाज किती मोठा, या रकान्यात मिस्त्रींनी पूर्वीचाच आकडा सांगितला, सात. त्रास किती, यात पूर्वी नऊ होते. या वेळी थोडा विचार करून ते म्हणाले, तीन. बायकोने खात्री करायला पुन्हा विचारलं. तीनच, ते म्हणाले.

गॅरेजात एवढ्यात कानावर चढवायच्या जाड कव्हरांच्या दोन जोड्या आल्या होत्या. ग्राइंडर चालू करण्याआधी ती घालायची, हा नियम मिस्त्रींनी भिंतीवर रंगाने लिहिला. वायरमनने कुरकुर केली तेव्हा त्यांनी ग्राइंडरचा प्लगच वायरीपासून सोडवून खिशात ठेवला.

शेवटचं पत्र त्यांनी स्वतः टाइप केलं. बायको शेजारी बसून भाजी निवडत होती आणि मोठ्या मुश्किलीने गप्प होती. एका बोटाने, अर्ध्या तासात, एवढंच झालं: "बाई, शिट्टी आहे. मी बरा आहे. उद्या ट्रकचं इंजिन खाली उतरवायचं आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. तुमच्या गाडीचं कधी काही वाजलं तर घेऊन या."