पाणी न शिरणारं जॅकेट

ओमुरबेकने पेल्यातला गार झालेला चहा सरळ जॅकेटच्या बाहीवर ओतला.

"अहो काका! दुकान आहे हे!" बुरुल गल्ल्यामागून ओरडली. "विकायचंय मला ते!"

"मीच घेणार आहे. ओरडतेस कशाला?"

चहा थेंब थेंब होऊन खाली ओघळला. त्याने बाहीत हात घालून अस्तर चाचपलं. कोरडं ठणठणीत. मग कापड कानाशी नेऊन चोळलं. आवाज नाही. कापड सळसळलं आणि रानबोकडाला चाहूल लागली, की दिवसभराची चढण फुकट. नारिनच्या डोंगरांत हे कुणाला सांगावं लागत नाही.

बुरुलने फडक्याने बाही पुसली.

"अस्सल आहे. बाहेरून येणारे शिकारी घालतात तसलं. पण चार मेंढ्यांचा भाव आहे हं. तिकडच्या नकली मालाच्या ढिगात हुबेहूब असंच मिळेल, अर्ध्या मेंढीत."

"ठाऊक आहे मला तो ढीग."

गेल्या वर्षी इथेच, याच आरशासमोर, त्याच्या मुलाने, एल्दियारने असलंच जॅकेट अंगावर चढवलं होतं. पोरगा काय शोभत होता त्यात! आणि बापाने हसून ते काढायला लावलं. "नावाचे पैसे घेतात रे हे. तुझा आजा मेंढीच्या कातड्यात शिकार करून ऐंशीचा झाला." पोराने मुकाट्याने ढिगातलं उचललं. तीन आठवड्यांनी डोंगरावर ओला बर्फ लागला, तो दोन दिवस थांबला नाही. सोबत शिकारीला गेलेल्या मेलिसने मित्राला घोड्यावर आडवं बांधून खाली आणलं. ते जॅकेट ओमुरबेकने स्वतःच्या हातांनी पिळलं. पाणी निघतच राहिलं, निघतच राहिलं. वर्ष झालं, त्याच्या डोक्यातून ते पाणी काही जात नाही.

"कोणासाठी घेताय?"

"मेलिससाठी. परवा वर्षाचं जेवण आहे. माझ्या पोराला शेवटची आंघोळ त्याने घातली."

बुरुलने फडकं खाली ठेवलं. मयताला न्हाऊ घालणाऱ्याला कपडा द्यायचा असतो, हे तिलाही ठाऊक होतं.

"तेव्हा दिला असेल ना काही?"

"पेटीतला एक सदरा. भान कुणाला होतं? आणि आता मेलिस पुन्हा डोंगरावर शिकारीला जाणार म्हणतो."

"माप?"

ओमुरबेकने हात आपल्या कपाळाच्या वर धरून उंची दाखवली. मग दोन्ही हात पसरून खांदे दाखवले. बुरुल त्या हातांकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग तिने सगळ्यात मोठं जॅकेट घडी करून बांधलं.

जेवणाच्या दिवशी दुपारी, दुआ होऊन मांस वाटून झाल्यावर, ओमुरबेकने सगळ्यांसमोर ते मेलिसच्या अंगावर घातलं. मेलिस अंगापिंडाने बारीक, ओमुरबेकच्या खांद्याला लागेल एवढा. बाह्या बोटांच्या पार खाली गेल्या होत्या. एल्दियारच्या आईने ओढणीचं टोक तोंडात कोंबलं आणि ती आत निघून गेली.

दुकानात आपण हातांनी कोणाचं माप दाखवलं, ते तेव्हा कुठे ओमुरबेकच्या लक्षात आलं.

"माप चुकलं रे," तो कसाबसा म्हणाला. "बदलून आणतो."

"असू द्या, काका. आत दोन स्वेटर मावतील." मग मेलिसने आवाज खाली आणला. "काका, माझंही त्याच ढिगातलं होतं. तो ओढ्यात पडला. अंगावर कुठलंही असतं ना, तरी..."

"मागेही सांगितलंस तू हे."

खरं सांगतोस की माझ्या समाधानासाठी, हे विचारायचा धीर त्याला तेव्हाही झाला नव्हता, आताही झाला नाही.

मेलिस बाही वर दुमडू लागला. ओमुरबेकने त्याचं मनगट धरलं, घडी सोडवली आणि बाही हळूच खाली, बोटांपर्यंत ओढली.

"दुमडू नकोस, बाळा. घडीत पाणी साचतं."