निळी जाळी

लिफ्टच्या धंद्यात सदतीस वर्षं काढलेल्या माणसाला पाय कुठे टाकायचा हे आता कोणी शिकवावं? उस्तादच्या पोटात हाच राग होता. आणि शिकवणार कोण, तर डोळ्यांवर बांधायचा एक चष्मा. नाव चष्मा, पण होतं ते घोड्याच्या झापडासारखं डबडं. कंपनीच्या तळमजल्यावर एक रिकामा हॉल होता. तिथे ते डबडं डोक्याला आवळलं, की समोर शाफ्ट उभा राहायचा, म्हणजे लिफ्ट ज्यातून वरखाली फिरते ती विहीर. माणूस उभा असायचा गालिच्यावर आणि त्याला वाटायचं आपण अठराव्या मजल्यावर आहोत.

हॉलची भिंत जवळ आली किंवा शाफ्टची कड आली, की चष्म्यात समोर निळी जाळी उमटायची. जाळी दिसली की थांबायचं. नाही दिसली तर बिनधास्त पुढे. दोन बोटं चिमटीसारखी जुळवली की पाना हातात यायचा, पडू नये म्हणून कमरेला बांधलेल्या पट्ट्याचा हूक अडकायचा, दार उघडायचं. मूठ वळायची गरजच नाही. हातातून काही पडलं, तर ते आपलं आपण कमरेला परत येऊन बसायचं. आणि इतकं करूनही एखादा गाढव पडलाच, तर सगळं लाल व्हायचं, गोड आवाजातली एक बाई म्हणायची, "पुन्हा सुरू करू या," आणि गाढव पुन्हा दारात उभा.

"पडलेला पाना परत येतो, हे कुठल्या दुनियेत हो?" उस्तादनं पहिल्याच दिवशी ट्रेनिंगच्या साहेबाला विचारलं.

साहेब वयानं लहान, बोलायला मऊ. "उस्ताद, माणसाला चुकायची मोकळीक हवी ना. इथे चुकून घ्यायचं, म्हणजे तिथे चुकत नाही."

"चुकायची कसली, इथे तर मरायचीही मोकळीक आहे," उस्ताद म्हणाला, आणि हॉलमधली पोरं खो खो हसली. पण विमावाल्यांची अटच तशी होती. नवा असो नाहीतर जुना, चाळीस तास चष्मा केल्याशिवाय शाफ्टमध्ये उतरायचा परवाना नाही. निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या माणसानं परवान्यावरून भांडायचं तरी कुठे? त्यानं मुकाट्यानं डबडं चढवलं.

उस्तादचा स्वतःचा एक कायदा होता. आधी हाक, मग नट, मग पाय. लिफ्टच्या छतावर उभं राहून काम करायचं असलं, की लिफ्ट खालच्या मजल्यावर थांबवायची, वरच्या मजल्यावरचं दार खास चावीनं वीतभर उघडायचं आणि आधी खाली हाक मारायची, कोणी असेल तर बाजूला होईल. मग खिशातला एक जुना नट आत सोडायचा. लगेच वाजला तर छत पायाखाली आहे. उशिरा वाजला तर समजायचं, लिफ्ट भलतीकडेच आहे, आणि पाय मागे घ्यायचा. या नटांपायी त्याच्या पॅंटींचे खिसे फाटायचे आणि बायको शिव्या घालत शिवायची. त्याच्या हाताखालून गेलेल्या एकाही माणसाचं हाड मोडलं नव्हतं. पुढच्याला ठेच, मागचा शहाणा, असं तो म्हणायचा, आणि आता वर पुस्ती जोडायचा, "चष्म्यात ठेचच लागत नाही, तर शहाणा व्हायचं कोणी?"

चष्म्याच्या परीक्षेत मात्र नट टाकला की पाच गुण कापायचे. शाफ्टमध्ये वस्तू टाकली, म्हणून. शिवाय नट वाजायचाही नाही, कमरेला परत यायचा. पहिल्या फेरीत उस्तादला साठ गुण पडले आणि काल मिशी फुटलेल्या पोरांना नव्वद. हे काही त्याच्या पचनी पडलं नाही. करायचं तर नीट करायचं, हा स्वभाव. त्यानं नटाचा नाद सोडला, खिशातले नट कपाटात टाकले. चाळीस तास संपले तेव्हा त्याला अठ्ठ्याण्णव होते, आणि तो कागद त्यानं घरी येऊन सगळ्यांना दिसेल असा टेबलावर ठेवला.

त्याच्या वर एकच होती. शंभरपैकी शंभर. त्याचीच लेक.

तिला घरात बारकी म्हणायचे. बापापेक्षा चार बोटं उंच झाली तरी बारकीच. लहानपणी ती बापाच्या खिशातले नट जमिनीवर मांडून दुकान दुकान खेळायची. आता कंपनीत लागून तिला दोन महिने झाले होते, आणि पुढच्या महिन्यापासून ती शाफ्टमध्ये एकटी उतरणार होती. लोक उस्तादचं अभिनंदन करायचे. तो हसायचा, पण आतून त्याला धास्ती वाटायची. कारण खऱ्या शाफ्टमध्ये ती दहा वेळासुद्धा उतरली नव्हती. बाकी सगळं गालिच्यावर.

तो तिच्यावर डोळ्यात तेल घालून नजर ठेवू लागला. एके सकाळी तिनं चहाचा कप टेबलाच्या कडेच्या अलीकडेच सोडून दिला. कप फुटला, आणि ती क्षणभर कमरेकडे बघत राहिली. ते बघणं उस्तादच्या काळजात रुतलं. "बघितलंस?" तो बायकोला म्हणाला. "कप परत येईल म्हणून वाट बघतेय पोरगी."

"झोप नीट झाली नसेल तिची," बायको म्हणाली.

पुढच्या आठवड्यात एक कप त्याच्या हातून गेला. पण त्या कपाचा कान ओला होता. नंतर आणखी एक गेला, तेव्हा मात्र त्यानं बायकोला सुनावलं, की कप नीट पुसत जा, आणि बारकीला सांग, मूठ वळायला शीक, चिमटीनं संसार होत नाही. बायकोनं तुकडे गोळा केले. "दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं माणसाला," ती एवढंच म्हणाली आणि सुपलीत तुकडे भरून बाहेर गेली. तिला बोलायची सवयच आहे, असं म्हणत उस्तादनं कान झाडले.

आणि फक्त बारकीच होती का तशी? रस्त्यावर बघावं तिकडे हाच प्रकार. न्हावी चष्म्यावर शिकलेला, तो कानाजवळ आला की कात्री थांबवून कशाची तरी वाट बघायचा. शेजारच्या मास्तरीणबाई रोज संध्याकाळी चष्मा लावून समुद्रावर फिरायला जायच्या आणि महिन्यात दोनदा कपाळाला टेंगूळ घेऊन दार उघडायच्या. बँकेच्या काचेवर एक चांगला सुटाबुटातला माणूस नाकाड आपटून उभा होता. त्याला लागलं होतं, रक्त येत होतं, पण त्याच्या चेहऱ्यावर दुखणं नव्हतं. आता कोणीतरी आपल्याला पुन्हा दारात नेऊन उभं करेल, अशी त्याची मुद्रा होती. उस्तादला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो साहेबाकडे गेला. पोरीची काळजी वाटते असं कसं सांगायचं? तिच्या नोकरीवर गदा आली तर? म्हणून त्यानं थाप मारली. "गुडघा दुखतो. महिनाभर हाताशी तरणं माणूस द्या. माझी लेक दिली तरी चालेल."

साहेबानं स्क्रीनवर बोट फिरवलं आणि हसला. "तुमच्या दोघांची जोडी लागलीये की आधीच. सोमवारपासून."

नशीब म्हणतात ते हे, असं उस्तादला वाटलं. जोडी कोणी लावली, कशी लावली, हे विचारायचं त्याला सुचलंसुद्धा नाही.

सोमवारी पहिलंच काम एका जुन्या बारा मजली कचेरीत होतं. तक्रार साधी होती, लिफ्टचे आकडे चुकतात. पाचव्यावर असली तरी सात दाखवते, कधी दोन दाखवते. म्हणजे आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे तक्रारीतच लिहिलेलं होतं. सकाळचे अकरा वाजलेले, जिन्याच्या खिडकीतून स्वच्छ ऊन आत आलेलं. खालच्या रखवालदाराला त्यांनी लिफ्ट सातव्यावर थांबवून ठेवायला सांगितली आणि दोघं जिन्यानं आठव्यावर चढली. उस्ताद पुढे, बारकी मागे. त्याचं सगळं लक्ष मागे होतं. कठडा धरते का? धरत होती, पूर्ण मुठीनं. पट्ट्याचा हूक तिनं भिंतीतल्या कडीत अडकवला आणि दोनदा ओढून बघितला. उस्तादला बरं वाटलं. आपण उगाच घाबरलो, पोरगी आपल्याच वळणावर गेलीये.

"बाबा, तुमचा हूक?" ती म्हणाली.

"अडकवला," तो म्हणाला.

दारावरच्या छोट्या काचेत सातचा आकडा लाल पेटला होता. उस्तादनं चावी फिरवली, दार सरकवलं. आत अंधार. शाफ्टमधला बल्ब गेलेला. तेलाचा आणि धुळीचा तो ओळखीचा वास आला, खालून गार वारा पायांवर आला. त्यानं समोर बघितलं. समोर काही नव्हतं. निळं काही नव्हतं. म्हणजे पुढे जागा होती.

त्यानं पाय उचलला.

मागून पॅंटच्या पट्ट्याला असा हिसका बसला की त्याचा श्वास कोंडला. तो दोन पावलं मागे येऊन बारकीच्या अंगावर कोसळला आणि दोघं फरशीवर बसकण मारून पडली. तिची मूठ अजून पट्ट्यातच होती. बोटं पांढरी पडली होती.

"काय गं," तो चिडून म्हणाला, "आहे की छत."

 तिनं दाराकडे तोंड करून खाली हाक मारली. मग दुसऱ्या हातानं खिशातून एक नट काढला, जुना, घासून गुळगुळीत झालेला, आणि उघड्या दारातून आत सोडला.

उस्तादनं सवयीनं मोजायला सुरुवात केली. एक. दोन. तेवढ्यात तळाच्या खड्ड्यातून, फार लांबून, टण असा बारीक आवाज आला. छत तिथे नव्हतंच. लिफ्ट कुठेतरी वर होती, आणि पायाखाली आठ मजले रिकामे होते.

त्यानं भिंतीकडे पाहिलं. कडीत एकच हूक होता, बारकीचा. त्याचा हूक त्याच्या कमरेला लोंबत होता. अडकवताना त्यानं कडीजवळ नेऊन फक्त दोन बोटं जुळवली होती, आणि त्याला टक असा आवाजही आला होता. तो आवाज त्याला आत्तासुद्धा आठवत होता.

त्यानं लोंबता हूक हातात घेऊन बघितला. मग त्यानं विचारलं, "कधीपासून?"

"दुसऱ्या कपापासून," ती म्हणाली. "आईनं सांगितलं. तुम्ही कमरेकडे बघत होतात. पहिला कप माझा होता, मी त्या दिवसापासून घाबरून रोज मूठ वळायची सवय करतेय. तुमचे नट आईनं कपाटातून काढून दिले मला. म्हणून मी साहेबांकडे जोडी मागितली."

"मी पण मागितली होती," तो म्हणाला.

"माहितीये. गुडघ्याची थाप साहेबांनी ओळखली. म्हणाले, बापलेक दोघंही एकमेकांची काळजी करतायत."

यावर खरं तर त्याला हसू यायला हवं होतं, नाहीतर रडू तरी. त्यानं छातीवर हात ठेवला. काळीज धडधडत नव्हतं. संथ चाललं होतं, गालिच्यावर चालायचं तसं. मघाशी पाय उचलला तेव्हाही ते असंच संथ होतं, हे त्याला आठवलं, आणि त्याला भीती वाटली ती त्याची. सदतीस वर्षं प्रत्येक दारात ज्या काळजानं त्याचा हात धरला होता, ते चाळीस तासांत गप्प बसलं होतं.

फोन वाजला. साहेब होता. "उस्ताद, एक चांगली बातमी. नव्या तुकडीचे बेचाळीस जण आजपासून एकटे कामावर गेले. एकाहून एक सरस गुण आहेत. आणि तुमचे अठ्ठ्याण्णव बघून वरचे म्हणतात, पुढची तुकडी तुम्हीच तयार करा."

"आज कुठे कुठे गेलेत ते?" उस्तादनं विचारलं.

"सगळीकडे," साहेब खुशीत म्हणाला.

"परत बोलवा त्यांना," उस्ताद म्हणाला. "सगळ्यांना. आत्ता." पण साहेब तोपर्यंत दुसऱ्या कोणाशी तरी बोलू लागला होता, आणि मग फोन बंद झाला. बारकीनं तोवर शाफ्टचं दार लोटून कुलूप लावलं होतं. तीच पुढचे फोन लावू लागली, एकेका पोराला. पहिल्यानं उचलला. दुसऱ्यानंही उचलला. तिसऱ्याची रिंग वाजत राहिली.

"चला खाली, बाबा. जिन्यावरून लावते बाकीचे," ती म्हणाली.

उस्ताद उठला, कठडा धरला आणि जिन्याच्या तोंडाशी येऊन थांबला. खिडकीतून ऊन येत होतं, पायऱ्या लख्ख दिसत होत्या, एकाखाली एक. त्याला त्या दिसत होत्या. पण पाय उचलेना.

"पुढे पायरी आहे ना गं?" त्यानं विचारलं.

"आहे, बाबा."

तो तसाच उभा राहिला. बारकीनं त्याच्याकडे बघितलं, फोन कानाला धरूनच दुसरा हात खिशात घातला, आणि एक नट त्याच्या पायापुढे खाली सोडला. नट लगेच वाजला. मग त्यानं पाय टाकला, आणि पुढच्या पायरीसाठी थांबला.