घोड्यांविना हिवाळा

इशिम नदीच्या उत्तरेचा माळ नांगरायला घेतला, त्या वर्षापासून म्हाताऱ्या मेंढपाळ झुमाकानचा मेंढ्या-घोड्यांचा कळप दर हिवाळ्यात मागे रेटला जात होता. आधी नदीकाठची कुरणं गेली, मग टेकडीचा आडोसा. कमरेएवढं गवत लोळायचं तिथे आता नजर पोचेल तिथवर गहू. म्हाताऱ्याच्या वाट्याला खाऱ्या तळ्यापलीकडचा उघडा पट्टा उरला होता. सायबेरियातून सुटलेला वारा तिथे येऊन थेट अंगावर आदळे.

त्याची एकुलती मुलगी बाल्झान सामूहिक शेतीच्या अध्यक्षाला, तेमिरखानला दिलेली. त्या शरद ऋतूत ती एकटीच बापाच्या तंबूत आली, तेव्हाच त्याने ओळखलं की ही सहज आलेली नाही.

चहा पिऊन झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, घोडे द्या."

"कुणाला?"

"सरकारला द्यायच्या मांसाचा कोटा भरत नाहीये. जिल्ह्याचे लोक रोज तगादा लावतात."

"मग मेंढ्या न्या म्हणावं."

"मेंढ्या लोकरीसाठी मोजल्यात. घोड्यांना आता काम नाही म्हणतात, ट्रॅक्टर आले ना."

"आणि मेंढ्यांसाठी गवतावरचा बर्फ खुरांनी कोण फोडणार? तुझा नवरा, दातांनी?"

"ट्रॅक्टरने सुकं गवत पोचवणार आहेत."

"असं तो म्हणाला? त्याच्या बापाच्या मेंढ्या आमच्याच घोड्यांमागे चरून जगल्या. त्याला ठाऊक नाही का हे?"

"ठाऊक आहे," बाल्झान खाली मान घालून म्हणाली. "म्हणून तर मला पाठवलं."

झुमाकान हसला. तिला ते हसणं शिवीपेक्षा जास्त लागलं.

मग जे बोलायचं नाही असं ठरवून ती आली होती, तेच बोलली. "नाही दिले तर त्याला पक्षातून काढतील. पुढे काय करतील, देव जाणे. मला दिवस गेलेत, बाबा."

म्हाताऱ्याला तिचं लहानपण आठवलं. एकदा सरकारने गावाची सगळी गुरं जमा केली होती आणि त्या हिवाळ्यात गाव भुकेने ओस पडलं होतं. बायकोला माळावरच सोडून त्याने या पोरीला पाठुंगळी घेतलं आणि रेल्वेच्या रुळापर्यंत चालत नेलं होतं. त्याविषयी तो कधी बोलत नसे.

"ने," एवढंच म्हणाला.

घोडे हाकायला तेमिरखान स्वतः आला. "एक घोडी तरी राहू दे," म्हाताऱ्याने विनवलं. "आकडा जुळायला हवा, बाबा," असं म्हणून जावयाने तीही नेली.

जानेवारीत ऐन थंडीत हवा अचानक उबदार झाली आणि बर्फावर दिवसभर पाऊस पडला. संध्याकाळी वारा उत्तरेकडे फिरला. सकाळी सगळा माळ काचेसारखा चकाकत होता. खाली गवत दिसत होतं, पण मेंढ्यांना तोंड लावता येत नव्हतं. खुरांनी खरवडून त्यांचे पाय रक्ताळले. झुमाकान आणि त्याचा गडी कुदळीने बर्फ फोडत राहिले. दोन माणसं फोडून फोडून किती फोडणार? गवत घेऊन निघालेला ट्रॅक्टर अर्ध्या वाटेत एका घळीत अडकला. भुकेल्या मेंढ्या एकमेकींची लोकर चावू लागल्या, मग उभ्याउभ्या कोसळू लागल्या. घोडे असते तर सगळ्या वाचल्या नसत्या, पण अर्ध्या तरी वाचल्या असत्या.

वसंतात चौकशीला माणसं आली. शेतीच्या कचेरीत सभा भरली. पोट सावरत बाल्झान मागच्या बाकावर बसली होती. मेंढपाळाने निष्काळजीपणा केला, वेळेवर कळप हलवला नाही, असं तेमिरखान उभा राहून सांगत होता. त्याचा आवाज जराही कापला नाही. घोड्यांचं नाव कुणी काढलं नाही.

"झुमाकान, तुम्हाला काही सांगायचंय?" चौकशीला आलेल्या माणसाने विचारलं.

म्हाताऱ्याने वळून मुलीकडे पाहिलं. बाल्झानने ओठ उघडले. नवऱ्याची नजर तिच्यावर होती, पोटातलं मूल हललं आणि तिने ओठ मिटले.

"नाही," म्हातारा म्हणाला. "तो म्हणतो तसंच."

त्याच्याकडून कळप काढून घेतला. ट्रॅक्टरांच्या आवारात त्याला राखणदार केलं.

मुलगा झाला. तो पाऊल टाकू लागला तेव्हा पोराची चाल मोकळी व्हावी म्हणून रीतीप्रमाणे पायांत बांधलेली दोरी कापायला तिने बापालाच बोलावलं. येईल असं तिला वाटलं नव्हतं, पण तो धुतलेला अंगरखा घालून आला. वाकून त्याने दोरी कापली. नातवाला दोन पावलं चालवलं, त्याच्या टाळूचा वास घेतला आणि टोपी उचलली.

बाल्झान भाकरीचं ताट घेऊन मागे धावली. "बाबा, एक घास. असं तोंड न लावता कुणी जातं का?"

"पोराला चांगलं चालव," तो म्हणाला. "पाय आखडू देऊ नकोस."

"बाबा, मी त्या दिवशी…"

"तुला पाठीवर घेऊन चाललो होतो ना," तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "तेव्हा वाटायचं, ही जगली की पुरे. जगलीस."

तो ट्रॅक्टरांच्या आवाराच्या वाटेला लागला. नांगरलेल्या रानातून धूळ उठली होती. ती ताट धरून उभी राहिली. आतून तेमिरखानने पाहुण्यांसाठी भाकरी मागितली, तेव्हा ती मुकाट्याने घरात गेली.